गाडीतलं लाकूडकाम : पट्ट्या काढण्यापासून नवा क्लिअर चढेपर्यंत

जुन्या आलिशान गाडीतलं लाकूड खराब झालंय असं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा लाकूड शाबूत असतं आणि बिघडलेला असतो तो त्यावरचा पारदर्शक थर, म्हणजे लॅकर. जग्वारच्या डॅशबोर्डवरचं गाठींचं अक्रोड घ्या किंवा मर्सिडीजच्या जुन्या एस-क्लासमधलं पट्ट्यापट्ट्यांचं झेब्रानो. चिरांची जाळी, पिवळट झाक, कडेला उडालेले टवके हे सगळं वरच्या लॅकरमध्ये घडत असतं. म्हणून हे काम नवख्या माणसालाही जमतं. घाई मात्र चालत नाही, कारण खालचं लाकूड फार पातळ असतं.

किती पातळ? साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. त्याला व्हिनियर म्हणतात. ते प्लायवूड, ॲल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकच्या तळावर चिकटवलेलं असतं आणि त्यावर लॅकरचे थर देऊन ते काचेसारखं गुळगुळीत केलेलं असतं. तो लॅकरचा थर कित्येकदा खालच्या लाकडाइतकाच जाड असतो. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो आणि रात्री थंड होतो. तळ, लाकूड आणि लॅकर तिघंही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आकसतात. लॅकर नवं असेपर्यंत ही ओढाताण सोसतं. ऊन खाऊन ते ठिसूळ झालं की चिरतं. मग स्क्रूच्या भोकांतून, कडांमधून आणि मागच्या बाजूने ओल आत शिरते आणि लॅकर लाकडापासून सुटायला लागतं. तो पांढुरका, दुधट डाग दिसतो ना, तिथे लॅकर आणि लाकूड यांच्यात ओल किंवा हवा शिरलेली असते. वरून कितीही पॉलिश चोळलं तरी तो जाणार नाही.

कडा आणि पाठ हे शब्द या लेखात पुन्हा पुन्हा येतील. समोरची चमक आणणं त्या मानाने सोपं आहे. काम किती वर्षं टिकणार हे कडा आणि पाठ नीट बंद केली की नाही यावर ठरतं.

आधी खात्री : हे लाकूडच आहे ना?

बऱ्याच गाड्यांमध्ये लाकडासारखी छापील फिल्म असते. ती घासली की नक्षीच निघून जाते आणि खाली उरतं करडं प्लॅस्टिक. म्हणून एखादा छोटा तुकडा काढून त्याची पाठ आणि भोकांच्या कडा बघा. खऱ्या व्हिनियरची कड भिंगाखाली तंतुमय दिसते, तळाचा आणि लाकडाचा थर वेगळा ओळखू येतो. दोन तुकड्यांवर हुबेहूब तीच गाठ त्याच जागी दिसली तर ती छपाई. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. महागड्या गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूचं व्हिनियर एकाच ठोकळ्यातून लागोपाठ कापून आरशातल्या प्रतिमेसारखं समोरासमोर लावतात. तसं साम्य हे उलट अस्सल कामाचं लक्षण आहे.

अलीकडच्या काही गाड्यांत लाकडाची छिद्रं उघडी ठेवलेलं मॅट लाकूड असतं. त्यावर जाड लॅकर नसतंच. पुढे लॅकर खरवडण्याची जी पद्धत दिली आहे ती त्याच्यावर वापरू नका.

पट्ट्या काढणं

गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. कुठली पट्टी क्लिपवर आहे आणि कुठल्या पट्टीचा स्क्रू ॲशट्रेच्या मागे लपलाय हे अंदाजाने शोधायला गेलं की लाकूड चिरतं.

काम सुरू करण्याआधी किल्ली बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एअरबॅग असलेल्या गाडीत त्यानंतर मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबा. एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज उतरायला वेळ लागतो. काही गाड्यांत काही मिनिटं पुरतात, पण अर्धा तास थांबल्याने कुणाचं नुकसान होत नाही. जुन्या रेडिओला कोड लागत असेल तर तो आधीच हाताशी ठेवा. एअरबॅगच्या झाकणावरच लाकूड असेल, तर त्याला हात लावू नका असं मी स्पष्टच सांगेन. ते झाकण ठरावीक रेषेवर फाटावं अशा बेताने बनवलेलं असतं. त्यावर जाड क्लिअर, म्हणजे नवा पारदर्शक थर, चढवला तर अपघाताच्या क्षणी ते कसं तुटेल हे सांगता येत नाही. स्टिअरिंगवरची एअरबॅग काढायची वेळ आली तर ते काम वर्कशॉपला द्या.

आता प्रत्यक्ष काढणं. गाडी थंड असेल तर आधी आतला भाग थोडा तापू द्या. जुन्या क्लिपा थंडीत काडीसारख्या मोडतात. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. प्लॅस्टिकची चपटी पट्टी वापरा आणि आजूबाजूच्या चामड्यावर, प्लॅस्टिकवर मास्किंग टेप लावून घ्या. क्लिप जिथे असेल तिथेच, तिच्या अगदी जवळ जोर द्या. पट्टीचं एक टोक सुटलं म्हणून तेच धरून ओढलं तर लाकूड वाकतं आणि लॅकरसकट व्हिनियरला आडवी चीर जाते. अशी चीर पुढे कितीही काम केलं तरी पुसट दिसत राहते.

प्रत्येक पायरीला फोटो घ्या. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर टेप लावून त्याची जागा लिहा आणि त्याचे स्क्रू त्याच नावाच्या पिशवीत ठेवा. खिडकीच्या बटणांच्या आणि गिअरच्या पट्टीच्या तारा ओढू नका, कनेक्टरची खिटी दाबून सोडवा.

एकच तुकडा खराब असला तरी शक्यतो सगळे तुकडे एकदम करा. अक्रोड उन्हाने फिकट होत जातं आणि जुनं लॅकर पिवळं पडतं, त्यामुळे एकट्या नव्या तुकड्याचा रंग बाकीच्यांशी जुळत नाही.

जुनं लॅकर उतरवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

घासण्याच्या आधी तुकडे धुवून स्वच्छ करा. डॅशबोर्ड चकचकीत करणाऱ्या स्प्रेमध्ये बऱ्याचदा सिलिकॉन असतं. ते सँडपेपरबरोबर लाकडात घासलं गेलं की पुढे नव्या क्लिअरमध्ये माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि त्यांवर उपाय करणं फार त्रासाचं होतं. पेंटवाले वापरतात तो वॅक्स-ग्रीस रिमूव्हर घ्या. एका स्वच्छ फडक्याने लावा, दुसऱ्याने लगेच पुसा, आणि फडकं बदलत राहा.

सुरुवात ॲशट्रेच्या झाकणासारख्या सगळ्यात लहान तुकड्यापासून करा. तुमच्या गाडीतलं लॅकर कसं वागतं ते त्यावरच कळेल.

लॅकर ठिसूळ झालं असेल तर खरवडणं उत्तम. एकधारी ब्लेड किंवा धारदार स्क्रेपर जवळजवळ आडवा धरून चिरेच्या कडेखाली हलकेच सरकवा. सुटलेलं लॅकर नखाएवढ्या पारदर्शक कपच्यांमध्ये उडतं आणि खालचं लाकूड कोरडं, निस्तेज दिसतं. डोळ्यांवर चष्मा हवाच, या कपच्या काचेसारख्या टोकदार असतात. ब्लेड नेहमी तंतूंच्या दिशेने चालवा. गाठींच्या अक्रोडात तंतू दर बोटभर अंतरावर दिशा बदलतात, म्हणून तिथे फटकारे छोटे ठेवा आणि अडखळलं की उलट बाजूने या.

लॅकर घट्ट धरून बसलं असेल तर गरम हवा फेकणारी हीट गन मदत करते. कमीत कमी तापमान ठेवा, गन सतत फिरती ठेवा, लॅकर जरा मऊ पडलं की गन बाजूला करून स्क्रेपर चालवा. उष्णतेने लॅकर सुटतं तसाच व्हिनियरखालचा गोंदही मऊ पडतो. तुकडा बोटाला सोसवेनासा तापला, की थांबून निवू द्या. प्लॅस्टिकच्या तळावर तर हीट गन टाळाच, तळ वाकडा झाला की तो पुन्हा गाडीत बसत नाही.

पेंट रिमूव्हर लावून एका तासात मोकळं होऊ असं अनेकांना वाटतं. मी नवख्याला तो सुचवणार नाही. कारखान्यातलं पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन लॅकर सौम्य रिमूव्हरला दाद देत नाही, आणि दाद देईल इतका कडक रिमूव्हर चिरांमधून झिरपून गोंद सोडवतो, प्लॅस्टिक फुगवतो.

खरवडून झाल्यावर जे उरेल ते हाताने घासायचं. मशीन अजिबात नको. रबरी किंवा कॉर्कच्या ठोकळ्याला १८० नंबरचा पेपर (नंबर मोठा तितका पेपर बारीक) लावून सुरू करा, लाकूड जवळ आलं की २४० वर या आणि शेवट ३२० ने करा. वळणदार भागाला फोमचा मऊ ठोकळा घ्या. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या दाबाचे चर पडतात आणि ते चमक आल्यावरच दिसतात.

घासताना धुळीच्या रंगाकडे लक्ष ठेवा. लॅकरची धूळ पांढरी असते. ती तपकिरी दिसायला लागली म्हणजे तुम्ही रंगाला किंवा लाकडाला भिडलात. त्या जागी हात उचला आणि पुढे सरका. कडांना तर ठोकळा लावूच नका, तिथे एकदोन फटकाऱ्यांतच व्हिनियर पार होतं. कडेचं लॅकर शेवटी, घडी घातलेल्या ३२० च्या तुकड्याने, हलक्या हाताने काढा.

सगळं निघालं का हे बघायला मिनरल टर्पेंटाइनने ओलं केलेलं फडकं फिरवा. लाकूड ते पितं आणि सगळीकडे सारखं गडद होतं. लॅकर उरलेल्या जागा वेगळ्या, चकाकत्या दिसतात. टर्पेंटाइन ओलं असतानाचा रंग म्हणजे क्लिअर चढल्यावर लाकूड साधारण कसं दिसेल त्याची आगाऊ झलक. लाकडाला रंग द्यायचा की नाही हे तेव्हाच ठरवा.

उचललेलं व्हिनियर, डाग आणि टवके

नखाने हलकं टकटक करत जा. पोकळ आवाज आला तिथे व्हिनियर सुटलंय. सुटलेल्या कडेतून इंजेक्शनच्या सुईने गोंद आत भरा, वर मेणकागद, त्यावर सपाट लाकडी ठोकळा आणि क्लॅम्प. तुकडा वळणदार असेल तर ठोकळ्याऐवजी वाळूची पिशवी ठेवा, ती आकार धरते. सुतारकामातला नेहमीचा पांढरा गोंद इथे वापरू नका, उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर तो मऊ पडून सरकतो. हळू सुकणारा आणि जास्त तापमान सोसणारा इपॉक्सी घ्या.

ओलीमुळे पडलेले काळे डाग बहुतेक लोह आणि लाकडातलं टॅनिन नावाचं द्रव्य यांच्या संयोगातून आलेले असतात. ते ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने फिके होतात. द्रावण ब्रशने लावा, थोडा वेळ ठेवा आणि मग ओल्या फडक्याने दोनतीनदा नीट पुसून घ्या. तुकडा पाण्यात बुडवू नका. हातमोजे घाला. वाळल्यावर पांढरे स्फटिक राहिले तर ते पुन्हा ओल्या फडक्याने टिपा, कोरडे घासू नका, ती भुकटी नाकाघशाला जाळते.

टवका उडून तळ दिसत असेल तर व्हिनियरचं ठिगळ लागतं. ठिगळ चौकोनी कापलं की लगेच डोळ्यात भरतं. गाठीच्या किंवा शिरेच्या रेषेवरून वेडंवाकडं कापा, म्हणजे सांधा नक्षीत हरवतो. टाचणीएवढी भोकं रंग मिसळलेल्या इपॉक्सीने भरली तरी चालतात.

रंग द्यायचाच असेल तर पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये विरघळणारा, उन्हात टिकणारा डाय वापरा. रंगद्रव्याचा दाट स्टेन छिद्रांत साचतो आणि अक्रोडाची खोली झाकून टाकतो. काही गाड्यांत मूळ रंग लाकडात नसून लॅकरमध्येच मिसळलेला असायचा, त्यामुळे उघडं झालेलं लाकूड फारच फिकट दिसलं तर दचकू नका. डाय पातळ करून दोनतीन हातांत चढवा, पहिल्या हातातच गडद करायला जाऊ नका.

पाठ आणि कडा बंद करणं

रंग वाळला की समोरच्या बाजूआधी तुकडा पालथा करा. पाठीवरचं उघडं लाकूड, स्क्रूची भोकं, मीटरसाठी कापलेल्या गोलांच्या आतल्या कडा, बटणांच्या खाचा, सगळीकडे पातळ इपॉक्सी ब्रशने मुरवा. कापलेल्या कडेत तंतूंची तोंडं उघडी असतात आणि ती पाणी फार वेगाने ओढतात, म्हणून तिथे दोन हात द्या. तळ ॲल्युमिनियमचा असेल तर पाठ सोडली तरी चालेल, पण कडा सोडायच्या नाहीत.

मग समोरच्या बाजूलाही इपॉक्सीचा एक पातळ हात द्या. त्याने छिद्रं भरतात आणि लाकडाची नक्षी उठून दिसते. वाळल्यावर ३२० ने सपाट करा. इपॉक्सी एकटा उन्हात पिवळा पडतो, त्यामुळे त्यावर अतिनील किरण अडवणारा क्लिअर हवाच.

क्लिअर : फवारायचा की ब्रशने लावायचा

गाड्यांच्या बॉडीला मारतात तो हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर कडक असतो, ऊन सोसतो आणि आरशासारखा चमकतो. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या वाफेने आणि फवाऱ्याने दम्याचा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याची ॲलर्जी धरली की ती सुटत नाही. धोकादायक प्रमाण नाकाला वासानेही कळत नाही, त्यामुळे साध्या कार्ट्रिजच्या मास्कवर विसंबता येत नाही. डबाबंद टू-के स्प्रेलाही हेच लागू आहे. घरी फवारू नका. तयार केलेले तुकडे स्प्रे बूथ असलेल्या पेंटवाल्याकडे न्या. मेहनतीचं काम तुम्ही केलेलं असतं, त्याचं काम थोडक्यात उरकतं.

त्याला तीन गोष्टी सांगा. गाडीच्या बॉडीपेक्षा जास्त थर हवेत. दोन हातांनी साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग एवढाच थर चढतो, म्हणून एका वेळी दोन हात, मग पूर्ण वाळवून ६०० च्या वॉटर पेपरने सपाट, पुन्हा दोन हात, असं करत सहा ते आठ हात हवेत. मीटरच्या आणि बटणांच्या भोकांच्या आतल्या भिंती मास्किंगने झाका, तिथे थर साचला तर मीटर परत बसत नाही. आणि तुकडे आडवे ठेवून फवारा. मागच्या भोकांत लांब स्क्रू घालून त्यांचे पाय केले की तुकडा हात न लावता फिरवता येतो.

ब्रशने करायचं असेल तर बोटींसाठीचं अतिनील किरण अडवणारं व्हार्निश घ्या. आठ ते दहा पातळ हात, दोन हातांमध्ये निदान एक दिवस, आणि दर दोन हातांनंतर ४०० ने हलकं घासणं. चमक टू-केइतकी कडक येत नाही, पण पुढे ओरखडा आला तर तेवढ्या जागी दुरुस्ती होते. पहिल्यांदाच करणाऱ्याने खिडक्या उघड्या ठेवून हाच मार्ग धरावा असं मला वाटतं. हात चुकला तरी घासून पुन्हा लावता येतं.

शेवटची घासाई

क्लिअर वरून वाळला तरी आतून काही आठवडे आकसत राहतो आणि लाकडाच्या छिद्रांत किंचित खाली बसतो. दुसऱ्या दिवशीच पॉलिश केलं तर महिन्याभराने त्याच तुकड्यावर बारीक खळगे दिसतात. दोनतीन आठवडे, व्हार्निश असेल तर त्याहून जास्त, थांबा.

मग १००० नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात दोन थेंब भांडी घासायचा साबण आणि ठोकळा. पृष्ठभाग सगळीकडे सारखा मॅट होईपर्यंत घासा. चकाकता ठिपका राहिला म्हणजे तो खोलगट आहे, त्याच्याभोवती अजून घासायचंय. त्यानंतर १५०० आणि २०००, दर वेळी दिशा बदलून, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. कडांवर क्लिअर आपोआप पातळ बसतो. कडेपासून दोनतीन मिलिमीटरवर मास्किंग टेप लावा आणि टेप काढल्यावर तेवढा पट्टा फक्त २००० ने पुसल्यासारखा करा. शेवटी रबिंग कंपाउंड, मऊ फोम आणि हाताचा जोर. बफिंग मशीन लावलंच तर वेग कमी ठेवा, एका जागी थांबलात तर क्लिअर तापून ओढला जातो.

परत बसवताना

तुटक्या किंवा सैल क्लिपा बदला. नवा थर चढल्यामुळे कुठे तुकडा घट्ट होतोय का ते स्क्रू न लावता आधी बसवून बघा आणि घासत असेल तर भोकाची आतली कड हलकी घासून तिथे पुन्हा इपॉक्सी लावा. लाकूड धातूला टेकतं तिथे मखमली टेपची पट्टी ठेवा. स्क्रू हाताने, नुसते बसतील एवढेच आवळा.

आधी सगळे कनेक्टर लावा, मग बॅटरी जोडा, मगच किल्ली फिरवा. एअरबॅगचा कनेक्टर सुटा असताना किल्ली फिरवली तर यंत्रणा दोष नोंदवते आणि दिवा पेटून राहतो. किल्ली फिरवल्यावर तो दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे.

पहिले काही महिने अधूनमधून स्क्रूच्या डोक्याभोवती आणि मीटरच्या गोलांच्या कडेला टॉर्च तिरपा धरून बघत जा. पांढुरकी रेघ दिसली तर तिथली कड उघडी राहिली आहे. तेवढा तुकडा काढा, पूर्ण कोरडा होऊ द्या आणि कडेला पातळ इपॉक्सी मुरवा. डाग आत पसरण्याआधी हे केलं तर समोरच्या बाजूला हात लावावा लागत नाही.